फुटाला एक सूत

पुतण्यानं फोनवर वाचून दाखवलं :
कोल्हापूर ते हैदराबाद,
हवेतलं अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेर,
वेळ एक तास पाच मिनिटं.
मी म्हटलं, परत वाच.
परत तेवढंच भरलं.

घर तामगावात, धावपट्टीच्या भिंतीकडंला.
परसात उभं राहिलं की विमानाची चाकं दिसतात,
आत शिरायचं तर उजळाईवाडीवरनं वळसा.
एकतीस वर्षं गोकुळ शिरगावात लाकडी पॅटर्न केले,
पंपाचे, गिअरपेटीचे,
डोक्यावरनं कोण कुठं चाललंय
मान वर करून बघितलं नाही.

पॅटर्न कधी नेमक्या मापात करायचा नसतो.
बिडाचा रस थंड होताना आकसतो,
म्हणून पट्टीच मुळात लबाड घ्यायची,
फुटाला एक सूत जास्तीची.
वडलांची तशी पोलादी पट्टी होती.
वाटणीत रंधा मशीन दिनकरला गेलं, पट्टी मला.
भांडण पट्टीवरनं नव्हतं.
कशावरनं होतं ते आता
दोघांच्या बायकांनाच नीट आठवतं.
तो बोलायचा थांबला. मी आधीच थांबलो होतो.
अकरा वर्षं.

सिक्युरिटीच्या पोरानं पिशवीतनं ती काढली.
काका, हे काय?
पट्टी.
बॅगा मोजायची टेप त्यानं तिला लावून बघितली.
चुकीची आहे ओ ही. तीन मिलिमीटर जास्त.
म्हटलं, मुद्दाम चुकीची आहे.
मागं लाईन खोळंबली होती. सोडली त्यानं.

विमान वळलं तेव्हा खाली आमचा पत्रा दिसला,
त्यावर हौसानं वाळत घातलेली चटणीची मिरची,
नखाएवढा लाल ठिपका.
मग नुसतं पांढरं.
एक पोरगी चहा घेऊन आली, पैसे सांगितले,
मी नको म्हणालो.

बसल्या बसल्या हिशोब घातला :
फुटाला सूत या दरानं
साडेचारशेला पावणेपाच किलोमीटर.
थंड झाल्यावर एवढं तरी आकसायला पाहिजे.
पण आतनं थंड झालंय का नाही
ते साचा फोडल्याबिगर कळत नाही,
आणि घाईनं फोडला तर
काम तडकतं.
खिडकीबाहेर पंखा फिरत होता का थांबला होता,
बघून काही समजंना.

बाहेर पुतण्या हात हलवत होता.
त्याच्यामागं एक म्हातारा,
शर्टाची वरची गुंडी लावलेला, वडील लावायचे तशी.
माझ्यापेक्षा बोटभर उंच असायचा पूर्वी.

किती वेळ लागला, म्हणाला.
म्हटलं, तासभर.
पुढं काय बोलावं सुचलं नाही,
पिशवीत हात घालून पट्टी त्याच्या हातात दिली.
त्यानं आकडे बघितले नाहीत.
अंगठा कडेवरनं फिरवला सवयीनं,
या टोकापासनं त्या टोकापर्यंत,
कुठं खवल निघालीय का बघत.