वीतभर उतार

फाट्यावर डंपर, केळीचे ट्रक, कापसाचे टेम्पो,
आणि कालव्याच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा.
सायकल तिरपी केली की जाते.
नाना उतरतात, दांड्यावरून हात फिरवतात,
"हाऊ मीच बसाडेल शे," म्हणतात,
आणि पुन्हा कॅरिअरवर.

सुपडू नाना, निवृत्त पाटकरी.
एकतीस वर्षं पाण्याच्या पाळ्या लावल्या,
आता डोळ्यांत फक्त उजेड आणि सावली.
सायकल माझ्या लेकीची, शाळेच्या योजनेतली, निळी,
चेनकव्हर ठोकून ठोकून सरळ केलेलं.
पिशवीत दोन भाकरी, लसणाची चटणी, आणि मागं नाना,
जे वजनाला फार नाहीत.

मुरूम लागतो.
ट्रकचे हॉर्न एकेक करून गळून पडतात.
मी काही बोलायला जाते तर
"चाकले बोलू दे," नाना म्हणतात.

करकर, करकर: लाल मुरूम, टेकडीचा.
सुळसुळ: गिरणेची वाळू मिसळलेली.
मग एकदम काहीच नाही, चाक पिठातून गेल्यासारखं.
"चारी नंबर चौदा," नाना. डोळे मिटलेले.
मी दगड बघते.
चुन्यात पुसट, पण चौदाच.

डाव्या हाताला दादर, कणसात आलेली.
उजव्या हाताला पाणी, हिरवट, पहिल्या आवर्तनाचं,
आणि त्यात कुणी सोडलेला एक नारळ.
तो मागं पडतो,
नानांना लघवीला थांबवलं की गाठतो.

"सगळं कसं सपाट आहे नाही?"
नाना हसतात. "माणसाले सपाट. पाणीले इचार."
मैलामागं वीतभर उतार.
साहेबांनी दुर्बिणीतून आखला,
नानांच्या आईनं टोपलीनं माती टाकून बांधला.
म्हणून जाताना पाय हलके असतात
आणि येताना उगाचच वाटतं, वय झालं.

चारी बावीसच्या पुढं कालवा झिरपतो.
तिथं उखा पाटलाचं शेत होतं, हरभऱ्याचं.
भरपाई मिळाली, झिरपणं थांबलं नाही.
आता पाणकणीस, लव्हाळं, गुडघाभर पाणी,
आणि मधोमध विहिरीचं काठ तेवढं वर.

"काय दिखस?"
शेकाटे, मी सांगते, तांबड्या काड्यांवर उभे.
थापटे, साठ-सत्तर, चिखल गाळत.
विहिरीच्या काठावर एक वंचक, उखा पाटलासारखाच, कुणाशी न बोलणारा.
"चक्रवाक?"

मी बघते. नाहीत.
गेल्या साली नव्हते, त्याच्या आदल्या सालीही.
"दोन आहेत," मी म्हणते. "पलीकडच्या बांधावर. एक झोपलाय."
नाना मान कलती करतात.
तो आवाज त्यांना चांगला ठाऊक,
लांबून येणारा, कुणीतरी कुणाला हाक मारल्यासारखा.
तो आलेला नाही, हे त्यांनाही ऐकू येतंय.
बराच वेळ.
"झोपू दे त्याले," म्हणतात. "उठाडू नको."

भाकरी खाल्ली. चटणीचा हात कालव्यात धुतला.
नारळ कधी पुढं गेला, कळलं नाही.

परतताना एका जागी चाक घसरतं.
नवी खडी, निळी, क्रशरची, टोकदार,
रोलर फिरायचा अजून बाकी.
हा आवाज नानांना माहीत नाही.
"आते आपन कोठे शेतस?"
मी दगड शोधते. खडीखाली गेलाय.
इथून पुढं डांबर पडणार म्हणतात,
दांडा काढणार म्हणतात.
ते मी सांगत नाही.
"मलाही कळेना, नाना."

ते उतरतात. चप्पल खडीवर घासतात.
थांबतात. पुन्हा घासतात.
दुसरा पायही.
मी हँडल धरून उभी, ऊन मानेवर,
एक टिटवी आम्हा दोघांवर ओरडत राहते.

"एकोनीस," नाना शेवटी म्हणतात.
"आते हाऊच एकोनीस."
आणि कॅरिअर चाचपून बसतात.
मी पाय टाकते. वीतभर चढ.