अर्धी अनामिका

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
सुरी कॉडवरून घसरली,
सुन्वाच्या मनगटात गेली.

डॉक्टर होग्नीने तिच्याच हातावर पेनाने रेघा ओढल्या:
ही कोपराच्या हाडामागून येते,
आपटली की झिणझिण्या आणणारी.
ही अंगठ्याच्या बाजूची, स्नायूखाली दडलेली.
आणि ही मधली, स्नायूंच्या दोन थरांतून
वाट काढत थेट तळव्यात.
तुटली ती हीच.

"कंडरा चकाकते. ही तेवढी नाही.
हिच्या पाठीवर धाग्याएवढी रक्तवाहिनी असते,
तिच्यावरून ओळखली, शिवली.
आता रोज एक मिलिमीटर. तोही, वाढली तर."

सुन्वाने घरी शिवणाची टेप लावली:
मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकशे ऐंशी.
म्हणजे जुलै. म्हणजे मेंढ्यांची लोकर.

अंगठी अनामिकेत.
करंगळीकडच्या कडेला सोनं गार लागतं,
पलीकडच्या कडेला काहीच नाही.
बार्दुर बुडाल्याला नऊ वर्षं झाली,
ती अंगठी फिरवत बसते,
नेमकी कुठे विझते ते शोधत.

जुलैत गोठ्यात, ओल्या लोकरीत,
मधल्या बोटाला काहीतरी टोचलं.
काटा असेल, गवताची काडी असेल.
सुन्वाने मेंढीला कचकचीत शिवी हासडली
आणि बोट पुन्हा तिथेच घातलं.