तीनशे बारा झाडांखाली

एप्रिल आला की हेल्वे जंगलात गुडघे टेकते.
प्रार्थनेसाठी नव्हे.
अ‍ॅस्पेनच्या बुंध्याशी, बर्फ नुकता मागे सरला तिथे,
कुजकी पानं एकेक करून उलटते
आणि लेंड्या शोधते.

उडत्या खारीच्या लेंड्या.
तांदळाच्या कणीएवढ्या, हळदुल्या.
खार स्वतः कुणाला दिसत नाही.
अंधार पडल्यावर या खोडावरून त्या खोडावर
अंगाचीच चादर पसरून निघून जाते.
पाहिली म्हणणारे गावात दोघे होते, त्यातला एक वारला.
तेव्हा पदव्युत्तर पदवीचा सगळा डोलारा
त्या कणीवर.

एस्टोनियन भाषेत लेंड म्हणजे उड्डाण.
मी तिला आमच्या लेंडीचा अर्थ सांगितला
तर ती चिखलातच बसली, पोट धरून हसली,
झाडीतून काहीतरी जड फडफडत उठलं
आणि डोळे पुसत तिने त्याचीही वेळ टिपली.

मी तार्तूहून फक्त फीत धरायला आलेली.
माझा प्रबंध दगडफुलांवर.
दगडफुलं कुठे जात नाहीत.

जंगलाचा मालक एन्डेल दहा पावलं मागे.
हातात थर्मास, तोंडात शब्द नाही.
एक लेंडी सापडली तर भोवतीच्या झाडांना
करवत लागणार नाही, हे तो जाणून होता.
छप्पर गळत होतं. लाकडाचा सौदा ठरला होता.
हेल्वे म्हणायची, "नुल्."
मी लिहायचे, शून्य.
आणि मागे थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा.

झाड एकेचाळीस, शून्य. झाकण.
झाड शंभर, शून्य. झाकण.
एकशे ऐंशीच्या आसपास तो आवाज थांबला.
चहा संपला असेल, असं मला वाटलं.
वळून पाहिलं तर पलीकडच्या अ‍ॅस्पेनखाली
एन्डेल दुखऱ्या गुडघ्यांवर,
चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ शेवाळात.

रात्री हेल्वेने सरांना फोन लावला.
सर म्हणाले, शून्य हाही आकडाच आहे.
ती म्हणाली, हो, पण जेवण जात नाही.

सकाळी एन्डेलने टेबलावर काडेपेटी ठेवली.
आत कापसावर सात पिवळे दाणे.
"सॉनामागचं झाड," तो म्हणाला.
"मी नऊ वर्षांचा होतो. तिथूनच उडाली होती.
आईला सांगितलं तर म्हणाली, वाघूळ असेल."

हेल्वेने भिंग काढलं.
बराच वेळ लावला, लागतो त्याहून जास्त.
मला दिसत होतं ते तिलाही दिसत होतं:
कुठल्याशा झाडाच्या कळ्यांची टरफलं,
वाळलेली, सोनेरी, अगदी हुबेहूब.
खोटं बोलायला एवढीशी जागा होती,
काडेपेटीएवढी.

"नुल्," ती म्हणाली.
एन्डेलने मान हलवली. पेटी मिटली, खिशात ठेवली.
मग दाराशी थांबून विचारलं,
"मीही शोधलं, हे लिहिता येतं का?"

प्रबंधाच्या अकराव्या पानावर ते आहे.
पाहणी केलेली झाडं: तीनशे बारा.
निरीक्षक: तीन.
तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारलं, तिसरे कोण,
त्यांचं प्रशिक्षण काय?
हेल्वे म्हणाली, त्यांनी खार पाहिलेली आहे.
पुढचा प्रश्न सांख्यिकीवर होता.

ऑगस्टमध्ये यंत्र आलं, सौद्याप्रमाणे.
हेल्वे ऑक्टोबरात गेली, एकटीच,
आणि मला एक फोटो पाठवला.
नवं पत्र्याचं छप्पर, अलीकडे बुंधेच बुंधे,
आणि सॉनामागे एक अ‍ॅस्पेन, उभं.
वर सुतारपक्ष्याने कोरलेली ढोली.
का ठेवलं, असं तिने विचारलं होतं.
एन्डेल म्हणाला, करवतीचा दात तुटला.

खाली तिने लिहिलं होतं:
झाड तीनशे तेरा. अजून पाहिलेलं नाही.
बर्फ वितळू दे.