दोन बांगड्यांमधली जागा

वेंगुर्ल्यात, बंदर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी खोली. एक खिडकी, एक मॉनिटर,
आणि माउसखाली चोळामोळा झालेलं
रंगांच्या छटांचं पुस्तक. पुण्याची नोकरी सोडताना
तिथून आणलेली तेवढीच एक वस्तू.
(सांगून आणलेली नाही.)

सत्यवती मेतर निवतीहून आल्या, जिना चढल्या,
वर्तमानपत्रातलं पुडकं काढून
सरळ कीबोर्डवर ठेवलं.
'सुको बांगडो. ह्येका लोगो होयो.
आमी बारा जणी आसव.'

मी विचारलं ते सगळं, जे विचारायला शिकवलंय:
गिऱ्हाईक कोण, वय काय, ब्रँडचा स्वभाव कसा.
'सोभाव?' त्या म्हणाल्या. 'खारट.'

मग अटी.
कमळ नको, हात नको, धनुष्य नको, घड्याळ नको,
पेटतं तर काहीच नको. पुढच्या महिन्यात पंचायत समिती आहे
आणि बारा जणींत साडेतीन पक्ष.
माड नको, तो सगळ्यांच्याच पाकिटावर असतो.
आणि मासा नको.

मासा नको?

पुण्याच्या दुकानदाराने बजावलं होतं:
वास दिसता कामा नये.

आठ दिवस मी वास न दिसणारा मासा काढत होतो.
लाट काढली, ती बँकेची वाटली.
सूर्य काढला, त्याचा पापड झाला.
होडी काढली, तर ती रिसॉर्टवाल्याने बघितली
आणि ॲडव्हान्स देऊन घेऊन गेला.

नवव्या दिवशी निवतीला गेलो.
बंदरावर इनासबाब एका ट्रॉलरवर नाव घालत होता,
निळ्यावर पांढरं, पट्टीशिवाय.
अक्षरं इतकी जाड का, विचारलं.
'खारो वारो आधी बारीक रेघ खाता.
बारीक लिवशीत तर मेल्या,
दिवाळीपर्यंत बोटीक नाव रवाचा नाय.'
मला माझ्या फायलीतल्या अर्ध्या पॉइंटच्या रेघा आठवल्या.
हात खिशात घातले.

पलीकडे वाळूवर जाळं पसरलेलं. बारांपैकी सात जणी
बांगडे मांडत होत्या, एकाचं डोकं इकडे,
दुसऱ्याचं तिकडे, ओळीमागून ओळ,
कोणी न मोजता सारखी.
ग्रिड, मी मनात म्हटलं. मार्जिन. गटर.
ज्याच्यासाठी बापाने पतपेढीचं कर्ज काढलं
ते इथे कावळे हाकता हाकता चाललं होतं.
मीही एक ठेवून पाहिला.
'असो चिकटवू नको.' सत्यवतीबाईंनी तो बोटभर सरकवला.
'मधी जागा सोड. वारो खंयसून जातलो?'

त्या बोटभर जागेकडे बघत उकिडवा बसलो.
तिरकी, दोन पोटांच्या बाकांनी दाबलेली,
टोकांना फाकलेली.
मासा नव्हताच तिच्यात.
माशाने सोडलेलं होतं ते.

नाव त्यांनीच ठरवलेलं: खळा.
ख घेतला इनासबाबच्या जाडीचा.
ळ मात्र कुठल्याच फॉन्टमधला धड वाटेना,
एक तर चष्मा होतो, नाही तर जिलबी.
तो हाताने काढला, दोन गाठींच्या मधे
ती फट पांढरी सोडून.
रंग एकच. छपाईला स्वस्त.

बारा जणींनी फोनवर मोठा करून पाहिला.
कोणी म्हणालं डोळो, कोणी म्हणालं कोयत्याचं पातं.
सगळ्यांत धाकटी रंजिता म्हणाली, 'ळ असो वाकडो कित्याक?'
सत्यवतीबाई काहीच बोलल्या नाहीत.
खवल्यांचं बोट पुसलं, स्क्रीनवर त्या फटीत ठेवलं.
मावलं.

चैत्रात पुण्याला गेलो तेव्हा दुकानात शोधलं.
खालच्या फळीवर, फिनेलच्या शेजारी, पाकिटं.
आणि प्रत्येकावर, बरोबर ळ वर,
तिरका डकवलेला किमतीचा स्टिकर.
नखाने एकाचा कोपरा उचकटला. ळ सकट फाटला.

फोटो पाठवला. खाली लिहिलं: बघा, कशी वाट लावलीय.
पाऊण तासाने उत्तर आलं, आवाजात, मागे कावळे:
'रवांदे रे. भाव दिसता मां.'
मग जरा थांबून,
'कितीक लावल्यान, ता सांग.'