तेवीस पूर्णांक एक

येऊरच्या वरच्या पाड्यात
इन्व्हर्टरच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला.
दोन दिवस ढग. आकडा तेवीस पूर्णांक एक.
बावीसला तो सगळ्यांनाच अंधारात टाकतो,
विचारत नाही.

आज रूपजीकडे लग्न, स्पीकर लावलाय.
पलीकडे काकड्याच्या पोराला दम्याचं मशीन.
वायर एकच.

अंगणातूनच ओरडले,
"रूपजी, गाणी तोंडानं म्हणा!"
बायका हसल्या. शिव्याही आल्या दोन-चार.
मग धवलेरीनं गळा काढला,
अन् आकडा जरासा वर सरकला,
कुस बदलल्यासारखा.

खाली घोडबंदरचे टॉवर जळतायत,
मजल्यामागे मजला.
तिकडे कोण बघतं आकडा?

मशीन घुरघुरतंय अजून.
मी दारातच बसलेय.
उद्या बॅटऱ्यांना पाणी घालायचंय,
बाटलीत तळाशी बोटभरच उरलंय.