फुटाला एक सूत

रक्षाविसर्जनाहून परतलो तेव्हा
चपलांना पंचगंगेचा चिखल होता.
आईनं दारातच पायांवर पाणी ओतलं,
आणि आतून कुणीतरी सवयीनं विचारलं,
"आज्जा जेवला का?"
मग सगळेच पातेल्याकडं बघत राहिलो.

उद्यमनगरात केरबा सुतार म्हणजे पॅटर्नवाला.
फौंड्रीत काहीही ओतायचं असो,
इंजिनाचं चाक, पंपाचं पोट,
ते आधी आज्जाच्या हातात सागवानाचं असायचं.
बनियनला भुशाचा वास.
रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध प्यायला
की मिशीवर फेस, आणि फेसात भुसा.

खिशात एक पितळी पट्टी.
माझ्या शाळेच्या पट्टीशी ती कधी जुळली नाही.
"तुझी पट्टी खोटी आहे," मी म्हणायची.
तो रंधा थांबवायचा.
"खोटी न्हाई, मोठी हाय.
लोखंड गार हुताना आकसतंय, पोरी.
फुटाला एक सूत.
आकसून जेवढं उरायला पाहिजे
त्याच्यापेक्षा जरा जास्तच द्यायचं आधी."

आणि बाजू कधी सरळ ठेवायचा नाही.
बोटभर उंचीला केसभर ढाळ.
"न्हाईतर वाळूतनं निघताना
कडा मोडून निघतोय पॅटर्न."
तो स्वतः तसाच निघाला.
दुपारचा चहा अर्धा पिऊन,
बशी कपावर झाकून,
कुणाचीही झोप न मोडता.

"नव्वदीला टेकलेला माणूस, सोनं झालं," शेजारी म्हणाले.
मला सोनं नको होतं.
लाकूड हवं होतं, गाठीगाठीचं,
पावसाळ्यात फुगून दारासारखं कुरकुरणारं.

घाटावर कावळा शिवेना.
काकानं हात जोडून घराची वाटणी करणार नाही म्हणून सांगितलं,
आत्यानं गावदेवीला साडी कबूल केली,
कावळा आपला शेणीच्या ढिगावर मान वाकडी करून.
मी ओठातल्या ओठात म्हटलं,
पट्टी मी सांभाळीन.
तो आला.
त्याला भूक लागली असेल तेव्हाच, एवढंच.
तरी मी कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी फडक्यानं चौकट पुसताना
पेन्सिलीच्या रेघा हाताला लागल्या.
त्याच्या चौकोनी अक्षरात,
पहिली, तिसरी, सहावी,
आणि सगळ्यात वर:
तेजल, दहावी, पाच फूट.
का कोण जाणे, आईच्या शिलाईचा टेप आणला.
जमिनीपासून रेघेपर्यंत धरला.
पुन्हा धरला.

पाच फूट पाच सूत.

म्हणजे तेव्हा वर्गात, रांगेत, आरशासमोर
मी स्वतःला जेवढी समजत होते
त्याहून पाच सूत जास्त होते,
आणि हे फक्त त्याला ठाऊक होतं.
मला गार व्हायला, आकसायला
जागा ठेवली होती त्यानं.
चौकटीला कपाळ टेकून
मी त्या दिवसांत पहिल्यांदा रडले,
आणि रडताना हसूही आलं,
कारण आयुष्यभर फॉर्मवर मी
त्याच पट्टीची उंची लिहीत आलेय.

वाळूतून पॅटर्न निघून जातो
आणि खरं काम तिथूनच सुरू होतं,
हे मला ठाऊक आहे. ऐकून ऐकून पाठ आहे.
पण ती पोकळी अजून नुसती पोकळी आहे.
कडा मात्र शाबूत आहेत. हात फिरवून बघितल्या.

काल भावाचा निहाल चौकटीला टेकून उभा राहिला,
टाचा उचलून, श्वास रोखून.
"टाचा खाली," मी म्हटलं,
आणि खिशातून पितळी पट्टी काढली.
रेघ ओढली. लिहिलं: तीन फूट.
तो वळून बघतच राहिला.
"एवढाच? मी याच्यापेक्षा मोठा आहे."

"आहेस," मी म्हटलं.