बरगे

कॉन्फोकलवर माझी पाळी रात्री साडेनऊची.
विद्यापीठाच्या माळावर तेव्हा एखादा मोर ओरडतो
आणि तळघरात
उंदराच्या स्वादुपिंडातली एक पेशी
तांबडी होऊन माझी वाट बघत असते.

तांबडं म्हणजे अ‍ॅक्टिन.
विषारी भूछत्रातून काढलेलं रसायन
नेमके तेवढेच धागे धरतं.
पेशीच्या काठाला आतून चिकटून
दाट जाळी दिसते, जणू कुणी घाईत विणलेली,
तरी टाका न सुटलेली.
तिच्या अलीकडे हिरवे ठिपके तटलेत.
इन्सुलिनचे.
सूक्ष्मनलिकांच्या वाटेवरून
दोन पायांच्या प्रथिनाने वाहून आणलेले,
डोईवर पाटी घेऊन बाजार गाठावा तसे.

हे चित्र मला आधीपासून ठाऊक होतं.

आमचे आण्णा, पिरगोंडा बाबगोंडा मगदूम,
पाटबंधारे खात्याचे चौकीदार.
भोगावतीवरच्या बंधाऱ्याला सव्वीस वर्षं
पावसाळा सरला की बरगे घालायचे,
मे संपता संपता काढायचे.
दोन ओळींच्या मध्ये चिकणमाती तुडवायची,
मी पण तुडवलीय, चड्डी माखेपर्यंत.
वर पाणी काठोकाठ, खाली उघडे धोंडे.
खालच्या गावचे येऊन आयमाय काढायचे.
एका रात्री तिघा-चौघांनी पाच बरगे पळवले
आणि आण्णा कंदील धरून
पहाटेपर्यंत नुसतेच त्या भोकाकडे बघत बसले.

ग्लुकोजचा थेंब सोडते.
पहिल्या पाच-दहा मिनिटांत निघतात
ते काठावरचेच,
आधीपासून चपला घालून दाराशी बसलेले.
मग शांत.
मग जाळी हलते.
सगळी विरत नाही. इथे सैल, तिथे पातळ,
कुठे तर उलट धागाच ठिपक्याला मागून रेटतो.
आतले एकेक करून पुढे सरकतात,
तासभर, सावकाश.

मार्चमध्ये समुद्री स्पंजातलं औषध घातलं.
जाळी गेली. काठ मोकळा.
मेहजबीन म्हणाली, आता बघ, धो धो.
काही वाहिलं नाही.
ठिपके जागच्या जागी,
कारण बशीत साखर फारशी नव्हतीच.
साखर वाढवली तेव्हा मात्र
आकडे नेहमीच्या वर गेले,
आणि आम्ही दोघी
कॅन्टीन बंद झालंय हे विसरून चहा प्यायला गेलो.

रविवारी गावी. घरी मी ‘आले’ नाही, ‘आलो’ म्हणते.
आण्णांनी बोट पुढे केलं, टोचलं. दोनशे बारा.
पेन पोटाला लावून दहापर्यंत मोजतात,
मोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखं.
मी प्रयोग सांगितला. त्यांनी ऐकला.
“बरगा पाणी अडवतोय खरा,” म्हणाले,
“पर सोडायचा हुकूम बरग्याचा नसतोय, पोरी.
त्यो वरनं येतोय.”
मग बराच वेळ गप्प.
“माझ्या आतलं बरगं कुजल्यात,
का निघंनात?”

मला माहीत नाही, आण्णा.
पहिली लाट आधी जाते, एवढं माहितीय.
जाळी घट्ट होते म्हणतात काही जण,
काही जण म्हणतात, मालच संपतो.
माझ्याकडे चौदा पेशींचे फोटो आहेत,
त्यातले दोन हललेले.

ते ऐकतच नव्हते.
नव्या लोखंडी बरग्यांवर घसरले होते:
लोखंड फुगत न्हाई.
लाकूड पाणी पितंय, रातभर फुगतंय,
सकाळपातुर फट आपोआप बुजतीय.
जित्या वस्तूगत.

परतीच्या एसटीत मी वहीत लिहिलं:
धागा दर मिनिटाला
एका टोकाला वाढतो, दुसऱ्याला झिजतो.
खाली लिहिलं: लाकूड.
मग ते खोडलं नाही.